गोड्या पाण्यातील गोगलगायी, परोपजीवी रोग आणि वनस्पतींचा उपाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिस्टोसोमियासिस, गुरांचा यकृतकृमी आणि या रोगांचा प्रसार करणाऱ्या गोगलगायी यांविषयी पशुपालक, मत्स्यशेतकरी, विद्यार्थी आणि नोकरीनिमित्त आफ्रिकेत राहणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गोगलगाय चावत नाही, डंख मारत नाही. मग तिच्यामुळे माणसाला रोग कसा होतो?

शिस्टोसोमियासिस किंवा बिल्हार्झिया हा रोग शिस्टोसोमा नावाच्या चपट्या कृमींमुळे होतो. रोगी माणसाच्या विष्ठेतून किंवा लघवीतून या कृमींची अंडी पाण्यात गेली की त्यांतून मिरॅसिडियम नावाची सूक्ष्म अळी बाहेर पडते, आणि काही तासांच्या आत विशिष्ट जातीची गोगलगाय सापडली नाही तर ती मरून जाते. सापडली तर मात्र गोगलगायीच्या शरीरात तिची लैंगिक संयोगाविना वाढ होत राहते आणि काही आठवड्यांनी एकाच मिरॅसिडियमपासून सरकेरिया नावाच्या हजारो शेपटीवाल्या अळ्या पाण्यात उतरू लागतात. या अळ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून काही मिनिटांत आत शिरतात. त्यामुळे पाणी न पिताही, केवळ कपडे धुताना, भातलावणी करताना किंवा पोहताना संसर्ग होतो.

प्रौढ कृमी आतड्याभोवतीच्या किंवा मूत्राशयाभोवतीच्या शिरांत वर्षानुवर्षे राहतात, आणि खरे नुकसान ऊतींमध्ये अडकून पडलेल्या त्यांच्या अंड्यांमुळे होते. थिओडोर बिल्हार्झ यांनी हा कृमी १८५१ मध्ये कैरो येथे पाहिला. पण मधली गोगलगायीची पायरी मियाइरी आणि सुझुकी या जपानी संशोधकांनी दाखवून देईपर्यंत १९१३ साल उजाडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये सुमारे २५ कोटी लोकांना या रोगावरील प्रतिबंधक औषधोपचाराची गरज होती आणि त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोक आफ्रिकेत राहतात.

२. या रोगावर स्वस्त गोळी मिळते. मग गोगलगायींच्या मागे लागण्याची गरज काय?

प्राझिक्वांटेल ही गोळी साधारणपणे शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम या प्रमाणात देतात आणि ती प्रौढ कृमींवर चांगली लागू पडते. शरीरात नुकत्याच शिरलेल्या अपक्व कृमींवर मात्र तिचा परिणाम फारसा होत नाही. शिवाय एकदा बरे झालेल्या मुलाला पुढच्या संसर्गापासून तिचे संरक्षण मिळत नाही. शाळेत गोळी घेतलेले मूल संध्याकाळी त्याच घाटावर अंघोळीला गेले, तर चक्र पुन्हा सुरू होते. म्हणूनच जागतिक आरोग्य सभेने २०१२ मध्ये केलेल्या ठरावात औषधोपचाराबरोबर शुद्ध पाणी, स्वच्छता आणि गोगलगायींचे नियंत्रण यांचाही समावेश आहे. गोगलगाय हा या चक्रातला असा दुवा आहे की जिथे माणसाला औषध न देता हस्तक्षेप करता येतो, आणि तो दुर्लक्षित राहिला याचे वाईट वाटते.

३. एंडोड म्हणजे काय? त्याचा शोध कपडे धुणाऱ्या बायकांमुळे लागला हे खरे आहे का?

हो, खरे आहे. एंडोड हे इथिओपियाच्या उंच प्रदेशात उगवणारे वेलीसारखे झुडूप असून त्याचे शास्त्रीय नाव फायटोलाका डोडेकँड्रा असे आहे. त्याच्या लहान फळांचे घोस येतात आणि ती वाळवून, कुटून पाण्यात कालवली की रिठ्यासारखा फेस येतो. इथिओपियातील स्त्रिया शतकानुशतके कपडे धुण्यासाठी ही फळे वापरत आल्या आहेत, विशेषतः तिथली पांढरी सुती वस्त्रे.

१९६४ मध्ये अकलिलू लेम्मा हे तरुण इथिओपियन परजीवीशास्त्रज्ञ उत्तरेकडील अद्वा या गावी बिल्हार्झियाचा अभ्यास करत होते. नदीवर ज्या जागी बायका एंडोडने कपडे धूत होत्या, तिच्या खालच्या बाजूला मेलेल्या गोगलगायींची संख्या लक्षणीय असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी वरच्या बाजूच्या जिवंत गोगलगायी घेऊन त्यांच्या भांड्यात एंडोडचे पाणी टाकवले, तेव्हा त्या मेल्या. पुढची तीस वर्षे त्यांनी या एका निरीक्षणाचा पाठपुरावा केला. अदिस अबाबा येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या परजीवीशास्त्र संस्थेला आज त्यांचेच नाव आहे. या कामासाठी लेम्मा आणि त्यांचे सहकारी लेगेसे वोल्दे-योहानेस यांना १९८९ मध्ये राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला.

या हकिगतीत लेम्मा यांचे मोठेपण आहेच. पण ज्ञान आधीपासून घाटावर होते आणि ते पाहणारी नजर त्याच देशातली होती, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

४. एंडोड पाण्यात गेल्यावर गोगलगाय मरते ती नेमकी कशामुळे?

मारक घटक सॅपोनिन वर्गातला आहे. एंडोडमधील अशा संयुगांना लेम्मा यांच्या नावावरून लेम्माटॉक्सिन म्हणतात. सॅपोनिनच्या रेणूचा एक भाग स्निग्ध पदार्थांत मिसळणारा असतो आणि दुसऱ्या भागाला शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. असा रेणू पेशीच्या आवरणातील कोलेस्टेरॉलला चिकटून आवरण सच्छिद्र करतो. गोगलगायीची मऊ, ओली त्वचा सतत पाण्याच्या संपर्कात असल्याने तिच्या शरीरातील पाण्याचा आणि क्षारांचा तोल बिघडतो.

यात एक बारकावा आहे आणि वापराचे यशापयश बहुतांशी त्यावरच अवलंबून असते. अखंड फळातील सॅपोनिनच्या रेणूला दोन ठिकाणी शर्करेच्या साखळ्या असतात आणि त्या रूपात तो गोगलगायीला जवळजवळ निरुपद्रवी असतो. फळ कुटून थंड पाण्यात भिजवले की फळातीलच एक विकर त्यांपैकी एक साखळी तोडते आणि मारक रूप तयार होते. पाणी उकळले किंवा अर्क मद्यार्कात काढला, तर विकर निकामी होते आणि अर्कात मुख्यतः निरुपद्रवी रूपच उरते. पूर्ण वाढलेल्या पण अजून हिरव्या असलेल्या फळांत मारकता सर्वाधिक असते, तर पिकून लाल झालेल्या फळांत ती कमी होते.

५. अद्वामध्ये एंडोडमुळे रोग खरोखर कमी झाला का?

१९६९ ते १९७४ या काळात अद्वा येथील प्रवाहांत एंडोड नियमितपणे टाकण्यात आले. एकूण लोकसंख्येतील संसर्गाचे प्रमाण सुमारे ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर उतरले, तर लहान मुलांमध्ये ते सुमारे ५० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. मुलांचा आकडा अधिक बोलका आहे, कारण मोठ्या माणसांच्या शरीरात जुने कृमी वर्षानुवर्षे टिकतात. प्रयोगाच्या काळात वाढलेल्या मुलांना मात्र नवा संसर्ग किती झाला तेवढेच त्यांच्या आकड्यात दिसते.

तरीही हा आकडा उद्धृत करताना संयम ठेवावा. एका गावातील आधीच्या आणि नंतरच्या स्थितीची ही तुलना आहे. त्या पाच वर्षांत गावात झालेले इतर बदल तीतून पूर्णपणे वेगळे काढता येत नाहीत.

६. इतके चांगले असूनही एंडोड जगभर का पसरले नाही?

कारणे अनेक आहेत. निक्लोसामाइड हे रासायनिक गोगलगायनाशक त्याच सुमारास उपलब्ध झाले होते. ते दर लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी मात्रेत काम करते, गोगलगायींच्या अंड्यांनाही मारते आणि त्याचा प्रत्येक डबा सारख्याच ताकदीचा असतो. एंडोडला साधारण १० ते २० मिलिग्रॅम लागतात, अंड्यांवर त्या मात्रेत परिणाम होत नाही आणि झाडागणिक, हंगामागणिक ताकद बदलते. इथिओपियात अनेक वाणांची तुलना करून ई-४४ हा सरस वाण निवडण्यात आला, पण लागवड, तोडणी, वाळवण आणि साठवण यांची साखळी उभी करणे हे कारखान्यात भुकटी तयार करण्यापेक्षा अवघड होते. त्यात विषारीपणाच्या प्रमाणित चाचण्या झाल्याशिवाय आंतरराष्ट्रीय संस्था एंडोडची शिफारस करत नव्हत्या, आणि अशा चाचण्यांचा खर्च त्या काळच्या इथिओपियाच्या आवाक्याबाहेर होता. त्यात बरीच वर्षे गेली.

पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाने जलवाहिन्या तुंबवणाऱ्या झेब्रा शिंपल्यांविरुद्ध एंडोडच्या वापराचे पेटंट घेतले, तेव्हा पारंपरिक ज्ञानावर हक्क कोणाचा हा वाद उभा राहिला. आपल्याकडे हळदीच्या अमेरिकी पेटंटला वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, १९९७ मध्ये, ते रद्द करवून घेतले. एंडोडच्या मागे तेवढ्या ताकदीने उभी राहणारी संस्था नव्हती.

७. एंडोडशिवाय आणखी कोणत्या वनस्पती वापरल्या गेल्या आहेत? आपल्याकडची एखादी आहे का?

आहेत, आणि काही आपल्या ओळखीच्या आहेत. हिंगणबेट हे खानदेश, मराठवाडा आणि विदर्भाच्या कोरड्या भागांत आढळणारे काटेरी झाड आफ्रिकेतही विपुल आहे. सुदानमध्ये आर्चिबाल्ड यांनी १९३३ मध्येच त्याच्या फळांचा गोगलगायनाशक गुण नोंदवून पाण्याकाठी ही झाडे लावण्याची कल्पना मांडली होती. रिठ्याच्या फळांतील सॅपोनिनही गोगलगायींवर चालते. काजूच्या टरफलातील तेलात असलेल्या ॲनाकार्डिक आम्लांची मारकता १९८० च्या दशकात सिद्ध झाली. ते तेल कातडी भाजून काढते हे कोकणात आणि गोव्यात कोणालाही सांगायला नको. कडुनिंब आणि लसूण यांच्या अर्कांवर गोरखपूर विद्यापीठात लिम्निया जातीच्या गोगलगायी घेऊन बरेच काम झाले आहे.

आफ्रिकेत टांझानियामधील स्वार्ट्झिया वृक्षाच्या शेंगा आणि नायजेरियातील टेट्राप्ल्युराची फळे वापरून पाहिली गेली. इजिप्तमधील दमसिसा या रोपाचा मार्ग वेगळा आहे. त्यात सॅपोनिन नव्हे तर दुसऱ्या प्रकारची कडू संयुगे असतात, परिणाम सावकाश होतो, पण माशांना धोका तुलनेने कमी असतो. ब्राझीलमध्ये युफोर्बिया मिली या शोभेच्या काटेरी झाडाचा चीक दर लिटरला दोन मिलिग्रॅमपेक्षाही कमी मात्रेत प्रभावी ठरला. हेच झाड आपल्या बाल्कनीतल्या कुंड्यांत असते. त्याच्या चिकाच्या धोक्यांविषयी प्रश्न १२ पाहा.

८. एखादी वनस्पती ‘गोगलगायनाशक’ म्हणायची ती कोणत्या निकषावर?

भरपूर मात्रा दिली तर जवळजवळ कोणताही कडू अर्क गोगलगायीला मारतो, म्हणून मात्रेची मर्यादा महत्त्वाची आहे. साधा पाण्यातला अर्क दर लिटरला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत २४ तासांत बहुतेक गोगलगायी मारत असेल, तरच पुढचा अभ्यास करावा असा जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातला संकेत आहे. याशिवाय वनस्पती रोगाच्या प्रदेशातच सहज वाढायला हवी, दरवर्षी झाड न तोडता तिचे फळ किंवा पान मिळायला हवे आणि मारक घटक पाण्यात विरघळायला हवा. मूळ किंवा साल लागणारी वनस्पती माझ्या मते पहिल्या फेरीतच बाद करावी, कारण मोठ्या प्रमाणावर वापर सुरू झाला की ती रानातून संपते.

९. महाराष्ट्रात माणसांना शिस्टोसोमियासिस होतो का? गिमवीचे नाव ऐकले आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात गिमवी हे गाव आहे. तिथे मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे स्थानिक केंद्र असल्याचे गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये नोंदवले आणि फेरिसिया टेनुइस ही टोपीसारख्या कवचाची बारीक गोगलगाय मध्यस्थ असल्याचे सांगितले गेले. परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत म्हणूनच या छोट्या गावाचे नाव आजही सापडते. भारत मात्र आज या रोगाचा नियमित प्रदेश मानला जात नाही.

पाण्यात उतरल्यावर अंगाला सुटणारी खाज ही वेगळी गोष्ट आहे. गुरांच्या किंवा पक्ष्यांच्या शिस्टोसोमांचे सरकेरिया चुकून माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात. पुरळ आणि तीव्र खाज येते, पण आतला रोग होत नाही. भातखाचरात काम करणाऱ्यांना याचा त्रास होतो.

१०. मग आपल्या पशुपालकांना या विषयाचा उपयोग काय?

पुष्कळ आहे. आपल्याकडे गोगलगायींमुळे होणारे खरे नुकसान गुरांचे आहे. लिम्निया गटातील गोगलगायींमुळे फॅसिओला जायगँटिका हा यकृतकृमी पसरतो. त्याच्या अळ्या काठच्या गवतावर आणि भाताच्या ओल्या पेंढ्यावर चिकटून कवच धारण करतात आणि गवताबरोबर गुरांच्या पोटात जातात. जनावर खंगते, दूध घटते, जबड्याखाली पाणी भरून सूज येते. इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस या चपट्या, गुंडाळीदार शंखाच्या गोगलगायीमुळे नाकातील शिस्टोसोमियासिस होतो. त्यात नाकात गाठी वाढून जनावर मोठ्याने घोरू लागते. हा कृमी १९३० च्या दशकात मद्रास प्रांतात ओळखला गेला.

वनस्पतिजन्य उपाय करायचाच असेल, तर पावसाळा संपून पाणी ओसरताना, डबकी लहान झालेली आणि गोगलगायी अजून चिखलात शिरलेल्या नसताना करावा. पण पहिली पावले साधी आहेत. गुरांना पाणथळ काठावर चरू देऊ नये, पाणी हौदात द्यावे, पेंढा पूर्ण वाळवूनच घालावा आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कृमिनाशक द्यावे.

११. मात्रा कशी काढायची? बाटलीवर लिहिलेले प्रमाण नसते.

आधी हाती असलेल्या भुकटीची ताकद तपासावी लागते. काचेच्या बरण्यांत वेगवेगळ्या प्रमाणांची द्रावणे आणि एका बरणीत नुसते पाणी घेऊन प्रत्येकीत सारख्याच आकाराच्या १० गोगलगायी २४ तास ठेवाव्यात. नंतर त्या स्वच्छ पाण्यात आणखी २४ तास ठेवून मगच मेलेल्या मोजाव्यात. ही दुसरी पायरी वगळू नये, कारण कवचात दडलेली गोगलगाय मेल्यासारखी दिसते आणि दुसऱ्या दिवशी चालू लागते.

साठलेल्या पाण्याचा हिशेब सोपा आहे. दर लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे दर घनमीटरला १ ग्रॅम. १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल डबक्यात ४० घनमीटर पाणी असते. २० मिलिग्रॅम मात्रा ठरली असेल तर ८०० ग्रॅम भुकटी लागेल. वाहत्या पाण्यात प्रवाहाचा वेग आणि टाकण्याचा कालावधी दोन्ही मोजावे लागतात. सेकंदाला २० लिटर वाहणाऱ्या ओढ्यात आठ तास हीच मात्रा टिकवायची, तर ५७६ घनमीटर पाण्यासाठी सुमारे साडेअकरा किलो भुकटी लागते, तीही एकदम न ओतता थेंबाथेंबाने सोडावी लागते. हे आकडे पाहिले की वनस्पतिजन्य उपाय लहान, ठरावीक जागांसाठीच का योग्य आहे ते लक्षात येते.

१२. वनस्पतीचा आहे म्हणजे मासे, गुरे आणि माणसे यांना सुरक्षितच ना?

नाही. हा समज मला सर्वांत धोकादायक वाटतो. मत्स्यशेतकऱ्यांना याचे उत्तर आधीच ठाऊक आहे. तळ्यात बीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे मारण्यासाठी मोहाची पेंड टाकतात, तिचे प्रमाण एक मीटर खोल पाण्यासाठी हेक्टरी सुमारे २५०० किलो, म्हणजे लिटरला २५० मिलिग्रॅम असते आणि विष ओसरण्यासाठी पंधरा ते वीस दिवस थांबावे लागते. तिथेही काम करते ते सॅपोनिनच. कल्ल्यांवाटे ते थेट रक्तात शिरत असल्याने गोगलगायी मारणाऱ्या मात्रेत एंडोडमुळे मासेही मरतात. बेडकांची पिल्लेही सुटत नाहीत.

सस्तन प्राण्यांच्या पोटातून सॅपोनिन फारसे शोषले जात नाही, त्यामुळे एंडोड टाकलेल्या पाण्याचा त्यांना होणारा त्रास मर्यादित असतो. मात्र फळे थेट खाणे घातक आहे. भुकटी डोळ्यांत गेली तर तीव्र दाह होतो, म्हणून कुटताना नाक-तोंड झाकून चष्मा लावावा. युफोर्बियाच्या चिकाने डोळ्यांना गंभीर इजा होते, आणि त्यातील काही संयुगे कर्करोगाच्या वाढीला चालना देणाऱ्या गटातील आहेत. तो घरगुती प्रयोगाचा विषय नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत यांपैकी काहीही टाकू नये.

१३. आम्ही रिठ्याचा काढा उकळून टाकला, पण गोगलगायींना काहीच झाले नाही. असे का?

बहुधा मात्रा कमी पडली असेल किंवा वाहत्या पाण्यात ती टिकली नसेल; हिशेबासाठी प्रश्न ११ पाहा. एंडोडच्या बाबतीत उकळणे हीच चूक ठरते, त्याचे कारण प्रश्न ४ मध्ये आहे. रिठ्याला तोच नियम जसाच्या तसा लागू होतो असे मात्र समजू नये, कारण त्यातील सॅपोनिनची घडण वेगळी आहे. गढूळ पाणी आणि दाट शेवाळ यांमुळेही मारक घटक गोगलगायीपर्यंत पोहोचत नाही.

१४. सगळ्या गोगलगायी मेल्या होत्या, पण दोन महिन्यांत पुन्हा तितक्याच दिसू लागल्या. उपाय फसला का?

उपाय फसला नाही, तो अपुरा पडला. पहिले कारण अंडी. लिबलिबीत आवरणातील अंड्यांचे पुंजके सॅपोनिनला दाद देत नाहीत आणि आठवडा-दोन आठवड्यांत त्यांतून पिल्ले निघतात. दुसरे कारण असे की बायोम्फॅलेरिया, बुलिनस आणि लिम्निया या उभयलिंगी गोगलगायी जोडीदाराविनाही प्रजनन करू शकतात. त्यामुळे वाचलेली एक गोगलगायही पुरते. तिसरे कारण चिखलात दडून कोरडा काळ काढणाऱ्या गोगलगायी, आणि चौथे वरच्या प्रवाहातून वाहून येणाऱ्या.

म्हणून अंडी फुटल्यानंतर, पण पिल्ले अंडी घालण्याच्या वयात येण्यापूर्वी, दुसरी फेरी करावी लागते. एंडोडचा प्रभाव पाण्यात दोन-एक दिवसांतच ओसरतो. पाण्याच्या दृष्टीने हा गुण आहे, पण त्यामुळेच पुन्हा पुन्हा टाकण्याला पर्याय राहत नाही.

१५. वनस्पती टाकण्याऐवजी पाण्यातली वनस्पती काढून टाकली तर?

हा फार चांगला प्रश्न आहे. सेनेगल नदीवर १९८६ मध्ये डायमा धरण झाल्यावर खारे पाणी वर येणे थांबले, कालव्यांत पाणवनस्पती आणि गोगलगायी माजल्या आणि रिशार-तोल परिसरात आतड्याच्या शिस्टोसोमियासिसचा मोठा उद्रेक झाला. त्याच प्रदेशात अलीकडे गावांच्या पाणवठ्यांवरील पाणवनस्पती हाताने उपसण्याचा प्रयोग झाला. गोगलगायी त्या झुबक्यांतच राहत असल्याने त्यांची संख्या घटली, तिथल्या शाळकरी मुलांमध्ये पुन्हा संसर्ग होण्याचे प्रमाणही कमी झाले आणि उपसलेल्या वनस्पतींचे खत व जनावरांसाठी खाद्य झाले. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपसणाऱ्यांनी मात्र उंच बूट आणि हातमोजे घालणे आवश्यक आहे, नाहीतर संसर्ग त्यांनाच होईल.

१६. सोयाबीन खाणाऱ्या शंखी गोगलगायींवर हे उपाय चालतील का?

नाही. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनचे नुकसान करणाऱ्या गोगलगायी जमिनीवरच्या आहेत. त्या पाण्यात राहत नाहीत, त्यामुळे पाण्यात औषध सोडण्याची पद्धत तिथे निरुपयोगी आहे. त्यांच्यासाठी हाताने वेचणे, ओल्या गोणपाटाखाली गोळा करणे आणि कृषी विभागाने सांगितलेली आमिषे हेच मार्ग आहेत.

१७. गावतळ्यात असा अर्क टाकण्यासाठी परवानगी लागते का?

हो. पाण्यात विष घालून मासे मारणे हा भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ नुसार गुन्हा आहे, आणि प्रश्न १२ मध्ये सांगितल्याप्रमाणे गोगलगायी मारणारी मात्रा माशांनाही मारते. गोगलगायनाशक म्हणून एखादा अर्क विकायचा असेल, तर कीटकनाशक अधिनियम, १९६८ खालील नोंदणीचा प्रश्न येतो. त्यामुळे ग्रामपंचायत, तळे कसणारी मच्छीमार संस्था आणि पशुसंवर्धन विभाग यांना सोबत घेतल्याशिवाय सार्वजनिक पाण्याला हात लावू नये.

१८. आम्ही टांझानियात राहतो. मुलांना व्हिक्टोरिया सरोवरात पोहू द्यावे का?

देऊ नये. व्हिक्टोरिया आणि मलावी या दोन्ही सरोवरांच्या काठी संसर्गाचा धोका आहे. बाहेर आल्यावर टॉवेलने अंग घासून पुसल्याने धोका थोडा घटेल, पण त्यावर विसंबू नये. सरोवराचे पाणी अंघोळीला वापरायचे असेल, तर ते गोगलगायी नसलेल्या टाकीत दोन दिवस साठवून ठेवावे, कारण सरकेरिया तेवढा काळ जगत नाहीत; किंवा उकळून घ्यावे. पाण्यात उतरणे झालेच असेल, तर लक्षणे नसली तरी सहा ते आठ आठवड्यांनी रक्ताची तपासणी करून घ्यावी, आणि भारतात परतल्यावर डॉक्टरांना या प्रवासाची माहिती आवर्जून द्यावी, कारण येथे हा रोग चटकन कोणाच्या मनात येत नाही.

१९. गोगलगाय पाण्याबाहेरही राहत असेल तर काय करायचे?

चीन आणि फिलिपिन्समधील शिस्टोसोमा जापोनिकमची वाहक ऑन्कोमेलानिया ही गोगलगाय उभयचर आहे. ती ओल्या काठावर, गवताच्या मुळाशी राहते आणि पाण्यात औषध उतरले की वर चढते. तिच्यात नर-मादी वेगळे असतात, त्यामुळे प्रश्न १४ मधील एकट्या गोगलगायीचा मुद्दा तिला लागू नाही. पण पाण्यात विरघळलेला अर्कही तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. मातीवर फवारणी करावी लागते आणि तिथे वनस्पतिजन्य अर्काची गरज कित्येक पटींनी वाढते.

जपानने या गोगलगायीसाठी दुसरा मार्ग धरला. शेतांना पाणी देणारे मातीचे पाट काँक्रीटने बांधून काढले, पाणथळ जमिनी भरून तिथे फळबागा उभ्या केल्या, रोग्यांवर उपचार केले आणि रसायनेही वापरली. १९९६ मध्ये यामानाशी प्रांतात रोग संपल्याचे जाहीर झाले. त्या खोऱ्यात काही ठिकाणी ऑन्कोमेलानिया अजूनही आढळते, पण तिच्यात शिस्टोसोमा नसतो.